हातची राखलेली माती

"तिथंच थांब, हलू नकोस! मेण सांडेल," ऑर्लीनामावशी ओरडली आणि थर्मन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक पाय उचलूनच उभा राहिला.

टेबलावर क्रेप कागदाच्या फुलांचा ढीग पडला होता. गुलाब होते, डेलिया होते, आणि एक-दोन फुलं अशीही होती की ती कशाची हे ती करणारीलाच ठाऊक. एकेक फूल पातळ मेणात बुडवून ती सुतळीवर उलटं टांगत होती. मेण लावलं की पावसात रंग उतरत नाही. येत्या रविवारी थडगी सजवायची होती. दरवर्षी मे महिन्यात पाइनीच्या खोऱ्यातली माणसं बोटीने तळं ओलांडून पलीकडच्या टेकडीवर जात, थडगी नीटनेटकी करत आणि तिथंच गवतावर चादरी अंथरून जेवत. खोरं स्वतः तळ्याच्या तळाशी होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विजेसाठी धरण बांधलं, तेव्हा गाव बुडालं. उंचावरची थडगी तेवढी वाचली आणि भोवतालचा सगळा डोंगर केंद्र सरकारच्या पार्कात गेला.

"बातमी आहे," थर्मन म्हणाला. तो तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तालुक्याच्या गावात वकील. आई लवकर गेल्यामुळे अर्धं लहानपण त्याने याच टेबलाशी काढलं होतं. "पार्कवाल्यांनी नवा नियम लावलाय. धक्क्यावर पाटी ठोकलीये. उतरवूनच आणलाय, ऐक. थडग्यांभोवतीच्या जमिनीतली माती हलवण्यास मनाई. तसेच कुदळ, फावडं, खोरं, दंताळं, खुरपं, नांगर आणि यंत्रावर चालणारं कुठलंही अवजार बोटीतून नेण्यास मनाई."

"नांगर? थडग्यावर नांगर कोण नेतंय रे?"

"अगं, वॉशिंग्टनचे लोक. यादी करायला बसले की त्यांना थांबता येत नाही."

बातमी वाईट होती, पण थर्मनचा चेहरा मात्र लग्नघरातून आल्यासारखा फुलला होता. मावशीने ते पाहिलं आणि हातातलं फूल खाली ठेवलं.

त्या डोंगरांत थडग्यावर गवत वाढू देत नाहीत. वसंतात गवत तासून काढायचं, मोकळी माती लांबट रचायची, मधोमध कणा वर काढायचा, म्हणजे थडगं कालच बुजवल्यासारखं दिसतं. गवत वाढलं तर त्याचा अर्थ एकच: मागे कुणी उरलं नाही. आता हे नेब्रास्काच्या सपाट मुलखातून आलेल्या माणसाला कसं कळावं? पार्कचा नवा अधिकारी, लिंडक्विस्ट नावाचा तरुण, गेल्या शरदात टेकडीवर गेला तेव्हा त्याला उघड्या मातीच्या लांबट राशी दिसल्या. त्याला वाटलं, बिचाऱ्यांची थडगी पावसाने सोलून काढली, वाली कुणी नाही. त्याने स्वतःच्या हातांनी ती सपाट केली आणि वर उत्तम प्रतीचं गवत पेरलं. मार्चमध्ये मावशी तिकडे गेली तेव्हा तो मोठ्या हौसेने तिला वर घेऊन गेला. सगळीकडे हिरवंगार! आपल्या आईचं थडगं कुठलं, हेच मावशीला क्षणभर कळेना. आभार मानायची सवय इतकी जुनी की "थँक यू" म्हणून खाली उतरली, आणि बोटीत तोंडाला रुमाल लावून रडली. आणि आता वर हा नियम, म्हणजे तेच गवत कायमचं.

"तू एवढा खूश का आहेस?" तिने विचारलं.

थर्मनने खुर्ची ओढली. "मावशी, जन्मभर मी कुंपणाचे आणि घटस्फोटाचे खटले लढलो. हा खटला घटनेचा आहे! बघ, घटनेला जोडलेल्या पहिल्या आठ दुरुस्त्यांत हक्क मोजून दिलेत. बोलायचा, हवा तो देव भजायचा, बंदूक बाळगायचा, घरात सरकारी शिपाई न उतरवण्याचा—"

"थडग्यावर माती लोटायचा?"

"तो नाही."

"मग हरलास."

"तिथंच तर गंमत आहे! नववी दुरुस्ती काय म्हणते? काही हक्क मोजून लिहिले, म्हणून बाकीचे नाहीतच असं समजू नका. ते लोकांनी स्वतःकडे राखून ठेवलेत."

"राखून म्हणजे? हातचं राखून?"

"अगदी हातचं राखून."

मावशीला हे पटलं. "म्हणजे आम्ही घेवड्याचं बी ठेवतो तसं. सगळं शिजवून संपवायचं नाही."

"आणि दहावी म्हणते, केंद्राला जेवढा अधिकार लिहून दिलाय तेवढाच त्याचा. उरलेला राज्यांचा, नाहीतर लोकांचा. आता मला सांग, माझ्या आजीचं थडगं कसं दिसावं हे ठरवायचा अधिकार केंद्राला कुठं लिहून दिलाय? दाखव म्हणावं!"

"मग जिंकशील?"

थर्मन वकील होता, पण मावशीपुढे खोटं बोलता येत नसे. तो कान खाजवत म्हणाला, "सरकारी जमिनीवर नियम करायचा अधिकार लिहिलाय. ते कलम त्यांच्या बाजूचं. आणि नववीला कोर्टात कुणी फारशी भीक घालत नाही. पण घालतील गं! कुणीतरी चांगली केस न्यायला हवी. तुझ्यासारखी वादी कुठं मिळणार? सत्तरी गाठलेली विधवा, शाळेतल्या पोरांना जेवू घालण्यात जन्म गेला, हृदयाला यंत्र बसवलेलं... न्यायाधीश रडेल."

"हे माझं कौतुक आहे की माझ्या मयतातलं भाषण?"

"फक्त एक कर. रविवारी कुदळ घेऊन धक्क्यावर ये. अडवलं की गुपचूप मागे फिर. हक्क नाकारला गेला असं दिसलं पाहिजे."

"आणि आईचं थडगं?"

"निकाल लागला की."

"कधी लागेल?"

"खालचं कोर्ट, मग वरचं... पाच वर्षं. सात म्हण."

मावशीने छातीवरच्या त्या बारक्या उंचवट्यावर हात ठेवला. "डॉक्टर मला एवढी मुदत देत नाही रे, थर्मन," ती म्हणाली आणि पुन्हा फुलाकडे वळली.

ऑर्लीना मेसर तशी सुखी बाई. नवरा व्हर्लन चांगला होता, तो चांगलेपणानेच गेला. मूल झालं नाही, पण शाळेच्या स्वयंपाकघरात इतक्या पोरांच्या ताटांत तिने वाढलं की तालुक्यात तिला नावाने हाक न मारणारा माणूस सापडायचा नाही. निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि तिने स्वतःहून डावाएवढी मोठी वाढायची पळी उचलली. घड्याळ बंद पडलं, पळी अजून चालू आहे. तिला आयुष्याकडून फारसं येणं नव्हतं. आईला जाऊन जमाना झाला होता. ऑर्लीना तेव्हा सहा वर्षांची होती आणि आईचा चेहराही तिला धड आठवत नव्हता. आठवत होती ती वडिलांबरोबर रचलेली मातीची रास, तिच्यावर तळवा फिरवून केलेला कणा. आईसाठी तिने कधी काही केलं असेल तर तेवढंच.

आणि परसातली माती. गाव सोडावं लागलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. इकडे मिळालेली जमीन म्हणजे तांबडी चिकणमाती, कुदळ घातली तर कुदळच वाकावी. लोक कपाटं आणत होते, कोंबड्या आणत होते. वडील मात्र पाणी चढायच्या आत पुन्हा पुन्हा बैलगाडी घेऊन गेले आणि नदीच्या वळणावरची काळी माती भरून आणली. शेजारी हसले, "लिओनिडसच्या डोक्यावर परिणाम झालाय, चिखल वाहतोय!" पुढे त्याच चिखलात घेवडा असा मातला की हसणारेच बी मागायला आले. वडील आता इकडच्या गावच्या दफनभूमीत आहेत. तिथं सगळं तव्यासारखं सपाट, दगडसुद्धा जमिनीत बसवलेले, कारण गवत कापायचं यंत्र अडखळता कामा नये. वडिलांवर माती रचू का, असं मावशीने एकदा दफनभूमीच्या कमिटीला विचारून पाहिलं होतं. कमिटीचा चिटणीस थर्मनच. "नियम सगळ्यांना सारखा, मावशी," तो म्हणाला होता, आणि तिने विषय सोडला होता.

दोन दिवसांनी घेवड्याच्या वाफ्यात बसली असताना ती अचानक उठली आणि मातीच्या हातांनीच तिने फोन लावला.

"थर्मन, ती यादी परत वाच."

त्याने वाचली.

"बादली आहे त्यात?"

"बादली? नाही."

"पळी?"

"कसली पळी?"

"शाळेतली. मोठी."

"मावशी, तुझ्या डोक्यात काय चाललंय?"

"काही नाही. यादीत नाही, म्हणजे आमच्याकडे राहिलं. तूच म्हणालास ना?" आणि तिने फोन ठेवून दिला. मग लगेच उचलला, आणि खोऱ्यातून उठलेल्या एकेका घरी लावत सुटली.

रविवारी सकाळी धक्क्यावर जो तो बादली घेऊन हजर होता. काहींकडे चरबीचे रिकामे डबे होते, एका बाईने तर बाळाचा टब आणला होता. सगळी भांडी आदल्या संध्याकाळी मावशीच्या परसातल्या काळ्या मातीने भरलेली. थर्मन तेवढा सुटाबुटात, बगलेत कागद घेऊन, कुदळ कुणाच्याच हातात नाही म्हणून हिरमुसून उभा होता.

बोटवाल्या होबार्टने कपाळाला हात लावला. "ऑर्लीनाताई, दरवर्षी तुम्ही तळलेली कोंबडी आणता. यंदा शेत आणलंत! बोट बुडली तर काय करायचं?"

"बुडली तर बुडली. खाली आपलंच गाव आहे," मावशी म्हणाली, आणि सगळी बोट हसली.

पलीकडच्या काठावर लिंडक्विस्ट उभा होता. उंच, उन्हाने नाक सोललेला, टोपी सरळ. एकामागून एक बादल्या उतरू लागल्या तशी त्याने टोपी उगाचच पुन्हा सरळ केली.

"मेसरबाई, हे काय आहे?"

"माती."

"कशाला?"

"थडग्यांवर घालायला."

"बाई, माती हलवायला मनाई आहे. पाटी वाचली असेल तुम्ही."

"वाचली ना. तुमची माती कोण हलवतंय? ती आहे तिथंच राहील. ही तिच्यावर बसेल."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. लिंडक्विस्टही हसणार होता, पण तो सरळ माणूस होता आणि सरळ माणसांना नियम सगळे पाठ असतात.

"हलवण्याचं म्हणाल तर ठीक," तो म्हणाला. "पण बाहेरची माती पार्कात आणायची नाही, हा जुना नियम आहे. तिच्याबरोबर तण येतं, कीड येते. तो मला मोडता येणार नाही. माफ करा."

हसणं थांबलं. बाळाचा टब धरलेल्या बाईने तो चिखलात टेकवला. थर्मन पुढे सरसावला, मावशीच्या कानाशी येऊन कुजबुजला, "झालं! नाकारलं त्यांनी. आता मागे फिर. एक शब्द बोलू नकोस."

मावशी मागे फिरली नाही. वर आई होती, अनोळखी गवताखाली, आणि पुढच्या मे महिन्याचं कुणी सांगावं?

"बाहेरची?" ती म्हणाली. "बाळा, तुझी बोट जिथं बांधतोस ना, तिथून सरळ खाली बघ. तिथं नदीचं वळण होतं. वळणावर आमचं शेत. पाणी चढायच्या आत माझ्या बापाने तिथली माती गाडीत घातली आणि नेली. ही सगळी तीच आहे, माझ्या परसातली. बाहेरची नाही ही. आम्हाला बाहेर काढलं तेव्हा आमच्याबरोबर बाहेर आली, एवढंच."

थर्मनने तोंड उघडलं, "राज्यघटनेच्या नवव्या—"

"थर्मन, गप."

लिंडक्विस्ट खाली बसला. त्याने बादलीत हात घातला, माती मुठीत दाबली, सोडली. शेतकऱ्याचा मुलगा तो. मग पाण्याच्या कडेला गेला, जिथं तळं उतरून जुना काठ उघडा पडला होता, आणि तिथली चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. सगळे बघत होते. होबार्टने तर बोटीचं यंत्रही बंद केलं.

"नदीकाठचीच आहे," लिंडक्विस्ट उठत म्हणाला. "मग हिला बाहेरची म्हणता येत नाही. आणि घरी परत येणाऱ्या मातीबद्दल माझ्याकडे काही लिहिलेलं नाही." त्याने मावशीच्या हातातली बादली घेतली, दुसऱ्या हातात तो बाळाचा टब उचलला. "चढ मोठा आहे. तुम्ही सावकाश या."

वर पोचल्यावर कुणी घाई केली नाही. मावशी आईच्या थडग्याशी गुडघे टेकून बसली आणि शाळेच्या पळीने माती वाढू लागली. हो, वाढूच लागली. दुसरा शब्द नाही. गवत हळूहळू झाकलं गेलं. कडेला बसून लिंडक्विस्ट हातांनी माती सारत होता.

"मी वाईट मनाने केलं नव्हतं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "आमच्याकडे..."

"तुझं कोण आहे तिकडे?"

"आई. वडील दर शनिवारी जाऊन गवत कापतात. कात्रीने. कडा अगदी सरळ."

मावशीने पळी थांबवली. "मग तू माझ्या आईला तुझ्या आईसारखं केलंस की रे. याहून चांगलं कुणी काय करणार? चूक एवढीच, की आई माझी होती."

मग तिने तळव्याने कणा काढला. तळवा कुठून सुरू करायचा आणि कुठं उचलायचा हे तिला विचार न करता आठवलं. फुलं मांडली. पाद्रीबाबांनी प्रार्थना लांबवली तेव्हा पोरांनी डोळे उघडून कोंबडीकडे पाहिलं. मग चादरी पसरल्या, मक्याची भाकरी, घेवडा, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक. लिंडक्विस्टला सगळ्यांनी इतकं वाढलं की त्याला बसल्या जागेवरून उठवेना. मावशी झाडाला टेकून ते सगळं बघत होती. तिला भारी समाधान वाटत होतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

थर्मन एकटा कुरकुरत होता. "केसच राहिली नाही! कुणी नाकारलंच नाही, तर दाद कशाची मागू?" असं म्हणत त्याने केकचा तिसरा तुकडा घेतला.

संध्याकाळी त्याने तिला घरी आणून सोडलं. परसात घेवड्याच्या वाफ्याशेजारी मोठा खड्डा पडला होता, तळाशी जुनी तांबडी माती दिसत होती. मागच्या पायरीशी एक बादली होती, काठोकाठ भरलेली.

"ही न्यायची राहिली वाटतं."

"राहिली नाही. राखली."

"कशाला?"

"माझ्यासाठी." मावशी पायरीवर बसली. "मला कुणी टेकडीवर नेणार नाही, ठाऊक आहे. मी गावातच, व्हर्लनच्या शेजारी. पण वरून ही घालायची. कणा काढून."

थर्मनने गळ्यातला टाय सैल केला. "मावशी, कमिटीचा नियम..."

"ठाऊक आहे. सपाट."

"गवत कापायचं यंत्र सरळ जायला हवं गं. एकाला दिलं की..."

"वॉशिंग्टनला तू घटना दाखवणार होतास. त्यांना निदान लिहून दिलंय, इथवर तुमचं, पुढे लोकांचं. तुझ्या कमिटीला असं कुणी लिहून दिलंय का रे?"

ती रागाने बोलली नव्हती. दिवसभर दमली होती, आणि सुखी होती. थर्मनकडे या प्रश्नाची उत्तरं होती, दोन-तीन तरी होती, वकिलाकडे असतातच. पण डोंगरावर ढग आले होते. तो सुटातच वाकला, कण्हत बादली उचलली, व्हरांड्यात छपराखाली भिंतीला लावून ठेवली, आणि इकडेतिकडे बघून खिडकीतली पाव भाजायची परात तिच्यावर पालथी घातली.

"पावसाने वाहून जायला नको," तो म्हणाला.